अक्का, कावळा लगेच शिवला

१८ डिसेंबर. तुमच्या ओसरीवर बसून तेराव्याच्या जेवणाचे तांदूळ निवडते आहे. दुकानदारानं निवडलेले म्हणून दिले, पण खडे आहेतच. एक ताट झालं की थोडं लिहिते, मग दुसरं ताट घेते. बाकीची मंडळी जेवून आडवी झाली आहेत. तुमचा भाऊ तोंडावर टॉवेल टाकून झोपला आहे. त्याला इतके दिवस रडताना पाहिलं, आता घोरताना ऐकून बरं वाटलं.

सकाळी तुमचा दहावा झाला. अक्का, कावळा लगेच शिवला. गुरुजी पिंड ठेवून मागं सरकले नाहीत तोच आला. तात्यांनी हात जोडायला वर उचलले होते, ते तसेच राहिले. माझी नणंद मेल्यावरही कोणाला ताटकळत ठेवणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

पण तुम्ही लोकांची फार पंचाईत केलीत. काल संध्याकाळपासून इथं तीच चर्चा होती. अक्काचा जीव कशात अडकला असेल? कावळा बसला नाही तर काय कबूल करायचं? तुमचे चुलतदीर तात्या म्हणाले, "नीलेशचं लग्न. दुसरं काय असणार? पोरगं तिशीत आलं." तुमची जाऊ म्हणाली, "छ्या! तिचा जीव मंदात. मंदा आल्याबिगर कावळा खाली उतरायचा नाय, लिहून घ्या." तुमचा भाऊ म्हणाला, द्राक्षबाग विकायची नाही एवढं सांगू. मी भाकरी थापत होते. तुमचा नीलेश दाराला टेकून उभा होता. तो काय विचार करत होता ते या घरात मला एकटीला माहीत होतं.

मंदाबाई दहाव्याला आली नाही. अंत्यविधीला तिचा नवरा रंगनाथ आला होता, तो शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि कोणाशी न बोलता गेला. बांधापलीकडचं घर. तुमची ओसरी आणि त्यांचं अंगण यांच्यात एक विहीर आणि एक शेवग्याचं झाड. तुम्ही आणि मंदाबाई पापड एकत्र लाटायच्या, मसाला एकत्र कुटायच्या, आपापल्या घरच्यांची उणीदुणी एकमेकींपाशी काढायच्या. ती बाई तुमच्या आजारपणातही आली नाही. समोर त्यांच्या शेतात आता मका उभा आहे. तिथं बाग होती. पहिल्याच बहराची बाग त्या माणसानं स्वतः उपटली, आणि ते का झालं याबद्दल तुमचं माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी माझी बाजू सोडणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

पुन्हा एकदा सगळं नीट मांडते.

त्या वर्षी छाटणी झाली होती, वेलींना नवे फुटवे आले होते. नीलेशनं तुमची फवारणीची टाकी ट्रॅक्टरला लावून उसातलं तण मारलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. ढगाळ हवेत द्राक्षाच्या पानावर रोग एका रात्रीत चढतो, म्हणून सगळ्या शिवाराची धावपळ सुरू झाली. रंगनाथचा पंप नेमका बिघडला. तो तुमच्या दारात आला. "अक्का, टाकी दे. आभाळ बघ कसं झालंय." तुम्ही निफाडला मित्राच्या हळदीला गेलेल्या नीलेशला फोन लावलात. "टाकी धुतली का रे?" तिकडं डीजे वाजत होता. तो म्हणाला, "हो, धुतली." तुम्ही टाकी दिलीत.

तुमच्या गावाचा नियम आहे : देणाऱ्यानं टाकी धुऊन द्यायची आणि घेणाऱ्यानं धुऊन मग भरायची. दोनदा धुतली जावी म्हणून केलेला नियम. पण वर्षानुवर्षं असं झालं की घेणारा म्हणतो देणाऱ्यानं धुतली असेल, देणारा म्हणतो घेणारा धुवेलच. दोघांनी धुवायची म्हणून कोणीच धुवत नाही. रंगनाथनं पाणी भरलं, औषध टाकलं, आणि टाकीच्या तळाशी राहिलेल्या तणनाशकासकट सगळी बाग फवारली.

आम्ही आठवड्याभरानं आलो तेव्हा त्याच्या वेलींची पानं पंख्यासारखी आकसली होती. रंगनाथ एक फांदी हातात घेऊन गावभर फिरत होता. कोणी म्हणे हवामान. कोणी म्हणे त्याला साडेसाती आहे. तो स्वतः औषधाच्या दुकानदारावर उखडला होता. त्यानं बनावट माल दिला, त्याच्यावर तक्रार करतो म्हणत होता. तुम्ही ते ऐकलंत, टाकीपाशी गेलात, झाकण काढून आत तोंड घातलंत. वास होता. मी तुमच्या मागंच उभी होते. तुम्ही नीलेशला हाक मारलीत आणि तो आला तो खाली बघतच आला. विचारायची गरजच पडली नाही.

त्यानंतर तुमचं माझं जे भांडण झालं ते याच ओसरीवर. मी म्हटलं, "त्याला घेऊन जा रंगनाथकडं."

"त्याला कशाला? टाकी म्या दिली."

"त्यानं धुतली म्हणून सांगितलं, म्हणून दिलीत."

"पोराचं लग्न व्हायचंय सुनंदे. गावात एकदा नाव झालं का पोरीचा बाप दारात उभा राहत नाय. आधीच शेतीवाल्याला कोण पोरगी देतंय?"

"मग ज्यानं केलं त्यानं निस्तरावं, हे कुठं गेलं?"

ते वाक्य तुमचंच होतं. अख्खं गाव तुम्हाला त्या वाक्यावरून ओळखायचं. तात्यांची शेळी तुमच्या मेथीत शिरली, तेव्हा तात्या पैसे द्यायला आले. तुम्ही म्हणालात, "पैसे नको. वाफा पेरून द्या." आणि धोतर खोचून तात्यांनी मेथी पेरली. तुम्ही खाटेवर बसून "भावजी, दाट पडू राहिली, इरळ टाका" म्हणून सूचना देत होतात. तात्यांनी आज नदीवर तीच गोष्ट सांगितली आणि लोक दहाव्याला हसले.

मी तुम्हाला माझ्या कारखान्यातलं सांगितलं. कारखाना म्हणजे काय, नाशिकला द्वारका चौकाजवळच्या गाळ्यात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बायका आणि मी. एखादीनं कॉलर उलटी लावली तर मी ती उसवत नाही. दुसरीलाही उसवू देत नाही. जिनं शिवली तीच उसवते. मी उसवली तर काम लवकर होतं, पण ती बाई आठवडाभर माझ्या नजरेला नजर देत नाही आणि पुढची कॉलरही उलटीच लावते. तिची चूक मी घेतली की तिच्याजवळ फक्त शरम उरते. तिचं करायचं काही उरत नाही.

तुम्ही म्हणालात, "कॉलर उसवता येती. रंगनाथाची बाग कशी उसवायची?"

बाग उसवता येत नाही, हे मान्य. पण त्यानं तुमचं बरोबर ठरत नाही.

तुम्ही एकट्या गेलात. "टाकी मी न धुता दिली, चूक माझी," एवढं सांगून आलात. दुकानदार वाचला. तुम्ही गप्प बसला असतात तर तो नाहक भरडला गेला असता, हे मला मान्य आहे. सगळं गाव साडेसातीवर समाधान मानायला तयार असताना एक बाई उठून सांगते की साडेसाती नाही, मी आहे, याला हिंमत लागते. मी तेव्हा हे बोलले नाही, कारण मी भांडत होते. आता बोलते. पण तुम्ही अर्धं खरं सांगितलंत आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या अंगावर घेतलंत. तुम्हाला वाटलं आपण फक्त शिक्षा घेतली. तुम्ही त्या पोराच्या हातातून त्याचं काम काढून घेतलंत.

त्यानंतर नीलेश या घरात टिकला नाही. नाशिकला आला, द्वारकेला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागला. दर रविवारी यायचा, तुम्हाला सामान आणून द्यायचा, आणि जेवला की निघायचा. बागेत पाऊल टाकलं नाही त्यानं. लोक म्हणाले, शहराची हवा लागली. तुम्ही मजूर लावून एकटीनं बाग केलीत आणि समोर मका बघत बसलात. ज्या लग्नासाठी हे सगळं केलंत ते अजून झालेलं नाही. एकदा तो माझ्याकडे जेवायला आला होता. पोळी वाढताना मी सहज विचारलं, सांगून का टाकत नाहीस. तो म्हणाला, "काय सांगू मामी? आईनं सांगून टाकलं सगळं. मला सांगायला जागाच ठेवली नाही. आता मी गेलो तर आई खोटी पडते."

असं असतं अक्का. तुम्ही त्याला एका लबाडीतून सोडवायला गेलात आणि दुसरीत बसवून ठेवलंत.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मी तुमच्यावर रागावलेली आहे. तशी मी नाही. मी आज जी आहे ती तुमच्या एका प्रश्नामुळे आहे. मी शाळेतली कायम नोकरी सोडून मशिनं घ्यायची म्हणत होते, तेव्हा माहेरचे आणि सासरचे दोन्हीकडचे लोक मला वेड्यात काढत होते. तुमचा भाऊ म्हणायचा, ज्योतिषाला विचारू. तुम्ही त्याला म्हणालात, "ज्योतिषी मशीन चालवणार का?" आणि मग माझ्याकडे वळून विचारलंत, "बुडालं तर कोणाला बोल लावशील?" मी विचार केला. मी म्हटलं, कोणालाच नाही. "मग कर," तुम्ही म्हणालात आणि ज्वारी पाखडायला लागलात. एवढंच. त्यानंतर दोनदा बुडायची वेळ आली. मी कोणालाही बोल लावला नाही, तुम्हालासुद्धा नाही. त्यामुळेच बहुतेक तरले. दुसऱ्याला दोष द्यायची सोय नसली की माणूस हातपाय जास्त मारतो.

म्हणून तर माझा तुमच्यावर हक्काचा राग आहे. जो प्रश्न सुनेच्या जागी असलेल्या परक्या पोरीला विचारलात, तो स्वतःच्या मुलाला का नाही विचारलात?

तुमच्या बाजूनंही मी विचार केला आहे. मला वाटतं तुम्ही म्हणाला असतात : पोरगं पहाटेपासून उसात होतं. दमलं होतं. मित्राची हळद, कानाशी डीजे. 'हो' म्हणायला काय लागतं? तोंडातून गेलं. रंगनाथच्या डोक्यावर आभाळ होतं, त्याला थांबायला फुरसत नव्हती. मला शेजाऱ्याची घाई दिसत होती. म्हणजे कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं आणि प्रत्येकाला कारण होतं. बरोबर आहे. पण कारण सगळ्यांनाच असतं. कारण आहे म्हणून जबाबदारी नाही असं धरलं, तर गावात फक्त बिनकारणाचा माणूस जबाबदार उरेल आणि तसा माणूस मी अजून पाहिलेला नाही. नीलेश दमला होता हे खरं आणि तो 'नाही धुतली' म्हणू शकला असता हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुम्ही आई म्हणून पहिलं धरलंत. मी मामी आहे, मला दोन्ही दिसतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. लांबून दिसतं, एवढंच.

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. नीलेश औषधं आणायला खाली गेला होता. "नीलेशला काही सांगायचंय का?" तुम्हाला कळलं मी कशाबद्दल विचारते आहे. तुम्ही सलाइनच्या बाटलीकडे बघितलंत. मग म्हणालात, "त्याला डबा वेळेवर देत जा. बाहेरचं खाऊन पोट बिघडवू राहिला." मी म्हटलं, "दुसरं काही?" तुम्ही म्हणालात, "डब्यात कारलं नको."

म्हणजे नाही सांगायचं. ठीक आहे. तेही तुम्ही ठरवलंत.

आज नदीवर जाताना नीलेश गाडी चालवत होता आणि मी शेजारी. मागं तात्या आणि तुमचा भाऊ द्राक्षाच्या भावावर बोलत होते. नीलेश हळू आवाजात मला म्हणाला, "मामी, मी ठरवलंय. कावळा शिवला नाही तर सगळ्यांसमोर सांगतो. टाकी मी धुतली नव्हती, खोटं मी बोललो. आईचा जीव त्यातच असणार."

मी विचारलं, "आणि शिवला तर?"

त्यानं गिअर बदलला.

आणि तुम्ही तर पाहिलंच असेल काय झालं. पाहत असाल तर. कावळा आला, भाताचा मोठा घास उचलला, आणि शेजारच्या घाटावर दुसऱ्या कोणाच्या पिंडाकडे उडाला. बायका म्हणाल्या, "सुटली गं बाई!" तात्यांनी डोळे पुसले. "समाधानानं गेली. काही मागं ठेवलं नाही." गुरुजींनी पुढचं सुरू केलं. मी नीलेशकडे बघितलं. तुळतुळीत डोकं, ओलं धोतर, आणि चेहरा असा की परीक्षेला अभ्यास करून जावं आणि परीक्षाच रद्द व्हावी.

सगळं आटोपल्यावर तो माझ्याजवळ आला. "मामी, शिवला."

"बघितलं मी."

"म्हणजे आईची तशी काही इच्छा नव्हती."

"कावळ्याला भूक लागली होती."

"अगं मामी, असं नको बोलू."

"मग कसं बोलू? ती दवाखान्यात शुद्धीवर होती तेव्हा मी तिला विचारलं. तिनं कारल्याबद्दल सांगितलं. आता तिला विचारायचं राहिलेलं नाही, आणि कावळ्यालाही नाही."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नको."

तो चिडला. "तुला सांगायला काय होतं? तू म्हण, जा. मी जातो."

"म्हणूनच म्हणत नाही."

तो गाडीत बसला आणि त्यानं गाडी सुरू केली. मागं द्राक्षाचा भाव संपून आता कांद्याचा सुरू झाला होता.

अक्का, तुम्हाला मी निर्दय वाटत असेन. बापाविना वाढलेलं पोर, आई जाऊन दहा दिवस झाले आणि मामी अशी तोडून बोलते. मला 'जा' म्हणणं सोपं होतं. त्याहून सोपं म्हणजे मीच उठून विहिरीला वळसा घालून मंदाबाईच्या दारात जाऊन सांगणं. इतकी वर्षं मी कोणाला बोलले नाही. ते माझं नव्हतं. आज दुपारी दोनदा मनात आलं, जावं. मग तुमच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला असता? तुम्ही मायेपोटी गेलात, मी तत्त्वापोटी गेले असते, आणि पोरगं पुन्हा दाराला टेकून उभंच.

तुमचं माझं भांडण मिटलं नाही असं मी वर लिहिलं. मिटवायची घाईही नाही. तुमच्याइतकं नीट भांडणारं आता कोणी राहिलं नाही. तुमचा भाऊ दोन वाक्यांत कबूल होतो. त्याच्याशी भांडायला मजा येत नाही.

तांदूळ झाले. आता पोहे निवडायचे आहेत.

१९ डिसेंबर. आज सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. नीलेश आंघोळ करून बाहेर आला. म्हणाला, "मंदामावशीकडं जाऊन येतो."

मी म्हटलं, "बरं."

"तू चल ना मामी."

"नाही."

"बोलू नको. नुसती उभी राहा."

"नाही."

"आई असती तर आली असती संगती."

"आली असती," मी म्हटलं.

तो विहिरीला वळसा घालून गेला. मी कपडे वाळत घालत राहिले. आधी काही ऐकू आलं नाही. मग रंगनाथचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. मग मंदाबाईचा आवाज चढला, आणि तो अख्ख्या गावाला ऐकू गेला असेल.

"आता सांगू राहिला? आता? इतकी वरसं म्या तिच्याशी बोलले नाय रे! मेली तरी तोंड बघायला आले नाय मी तिचं!"

त्यानंतर ती रडायला लागली. असं रडणं तुमच्या घरातसुद्धा या दहा दिवसांत कोणी रडलं नव्हतं. तुमचा भाऊ आतून धावत आला, "काय झालं, काय झालं" करत. मी त्याचा हात धरून त्याला बसवलं. मग मीच पायात चपला घातल्या. शेवग्यापर्यंत गेले. तिथून त्यांचं दार दिसत होतं. मंदाबाई उंबऱ्यावर बसली होती आणि नीलेश तिच्यासमोर उभा होता, खाली न बघता.

मी परत आले आणि चपला काढून ठेवल्या.